चंद्रीने ऐकलेलं घमेलं

भुताखेतांचा विषय निघाला की चेष्टा करणाऱ्यांत मी पहिला. बायको म्हणते, तुमच्या वाटेला भूतसुद्धा जाणार नाही. तरी हे लिहितोय... मनातून जात नाही म्हणून.

देवळाली प्रवराजवळच्या एका प्रयोगशाळेत मी टेक्निशियन आहे. शेळीच्या मेंदूचा कुठला भाग नेमका कुठे आहे, हे तिथल्या विजेवरून ओळखायचं, हे आमचं काम. शेळीला पूर्ण भूल द्यायची आणि केसासारखी तार मेंदूत हळूहळू उतरवायची. मेंदूतली वीज स्पीकरवर ऐकू येते. टाळी वाजवली आणि लाह्या फुटल्यासारखी तडतड झाली, की समजायचं — ऐकण्याचा भाग आला. मग तिथे खूण करतात आणि मेंदू काढून तपासतात. शेळी त्या भुलीतून उठत नाही.

मागच्या हिवाळ्यात मिरजगावच्या आत्याने तिची शेळी चंद्री दिली. पैसे घेईना. मला वाटलं, भाच्याकडून कसले घ्यायचे म्हणून.

त्या दिवशी संध्याकाळी चंद्री टेबलावर होती. टाळीला तडतड आली, मी हात खाली घेतले. खोली बंद, बाहेरचा आवाज आत येत नाही. आणि स्पीकर पुन्हा वाजला... तीनदा झटपट, जरा थांबून एकदा. पुन्हा तसंच.

"वायर हलली असेल," तार उतरवणारे आमचे सर म्हणाले. वायर तपासली. ठेका चालूच.

तो ठेका मी लहानपणापासून ऐकलाय. आत्या विळ्याने घमेलं वाजवून शेळ्या बोलावते, तो. अंगावर काटा आला. बाहेर येऊन तिला फोन लावला.

"आत्ताच घमेलं वाजवलं बघ," आत्या म्हणाली. "समद्या आल्या. चंद्रीबिगर लई सुनं वाटतं रं. व्याली की आनशील ना?"

"व्याली की?"

"आरं, अर्धलीनं दिल्ती ना तुला. एक करडू तुजं, एक माजं. शेळी माजी मला."

आमच्याकडे जनावर असं सांभाळायला देतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण तिला तसं वाटलं असेल, हे डोक्यातच आलं नाही.

पळत आत गेलो, सरांना सांगितलं. "आता तिला उठवता येणार नाही रे," ते म्हणाले. स्पीकर गप्प झाला होता.

नंतर मी आत्याला खरं सांगितलं आणि दुसरी शेळी नेऊन दिली. तिने ती दावणीला बांधली. संध्याकाळी घमेलं वाजवलं, तर दावणीपाशीच उभ्या नव्या शेळीने मानसुद्धा वळवली नाही.

"तिला अजून वळख न्हाई," आत्या म्हणाली.

चंद्रीला होती. बंद खोलीत, भुलीत, मध्ये अख्खं नगर शहर असताना. ते कसं, हे मला आजही सांगता येत नाही... वाईट मात्र रोज वाटतं.