सळईवरची गोगलगाय

लहान मुलांच्या वॉर्डात तिला 'शेवटची सिस्टर' म्हणत. नाव ऐकायला अशुभ, पण अर्थ अगदी साधा. एखाद्या बाळाची शीर कुणालाच सापडेना, टोचून टोचून सगळ्यांनी हात टेकले, की शेवटी हिला बोलवायचं. ही यायची, बाळाच्या कोपराच्या आत डाव्या हाताचं बोट ठेवायची, डोळे जरा बारीक करायची आणि म्हणायची, "अगंबाई, ही काय, इथेच तर आहे!" मग उजव्या हातातली सुई एकदाच आत जायची.

आता अशा बाईला कुलपं उघडायचा नाद लागला, यात नवल ते काय? घरातल्या कपाटाची किल्ली हरवली तेव्हा किल्लीवाला आला आणि बघता बघता कुलूप उघडून मोकळा झाला. दुसरं कुणी असतं तर सुटलो म्हणून दार लावून घेतलं असतं. हिने त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "दादा, ते परत बंद करा आणि परत उघडून दाखवा. सावकाश." किल्लीवाला हसला, पण त्याने दाखवलं. एका हाताने वाकवलेली पट्टी कुलपात घालून ती अगदी हलकी वळवून धरायची. दुसऱ्या हातात बारीक आकडी. त्या आकडीने आतल्या पिना एकेक करून उचलायच्या. जाता जाता त्याने बजावलं, "कुलूप आपलंच हवं ताई, आणि कामात नसलेलं हवं. या दोन गोष्टी मोडल्या की छंद संपला आणि धंदा सुरू झाला."

या नादात तिला साथीदार मिळाला तो धाकटा दीर. हा बस चालवायचा आणि वरच्या मजल्यावर राहायचा. नवरा शिंपी, पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. तो मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, "घरात दोन चोर आणि मी एकटा शिंपी. बरं आहे, निदान दोघं चोरीला बाहेर तरी जात नाहीत."

मधल्या खोलीच्या खिडकीत पडद्याची जुनी सळई होती. तिच्यावर ही सगळी कुलपं लटकायची. डावीकडे सोपी, उजवीकडे अवघड. कुणाची जागा कुठे, यावरून वहिनी-भाऊजींची जी जुंपायची ती ऐकण्यासारखी असे. भंगारवाल्याकडून आणलेलं एक तळहाताएवढं पोलादी कुलूप होतं, त्याचं नाव पैलवान. बघूनच माणूस घाबरावा, पण आतून बडा घर पोकळ वासा! खाट खाट करत पिना बसायच्या आणि पैलवान तोंड उघडायचा. म्हणून तो पार डावीकडे. सगळ्यात उजवीकडे सासूबाई. त्यात पिनाही जास्त आणि स्प्रिंगाही कडक. हे नाव अर्थातच तिने ठेवलेलं. दीर म्हणायचा, "वहिनी, ती माझी आई आहे." ती म्हणायची, "म्हणूनच तुम्हाला उघडत नाही."

आणि बरोबर मध्ये गोगलगाय. काळं, गुळगुळीत, मुठीत मावणारं कुलूप. दिसायला गरीब, पण गोगलगाय आणि पोटात पाय. त्याच्या काही पिना मध्ये कमरेपाशी बारीक होत्या. त्या बसल्यासारख्या वाटायच्या, कुलूप वळायला लागायचं आणि अर्ध्यात अडकायचं. अशा वेळी पिन पुन्हा उचलू लागलं की कुलूप पट्टीवरच्या बोटाला अगदी हलकेच मागे ढकलायचं. तो धक्का कळला की डाव आपला. त्याचा आवाज मात्र होत नाही.

तर झालं असं, की एके दिवशी गोगलगाय उघडेना. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात सासूबाई उघडल्या, पण ही बया जागची हलेना. तिला राग येण्याऐवजी गंमत वाटली. मधलं कुलूप शेवटच्यापेक्षा अवघड झालं? असं कसं? तिने ते धुतलं, पुसलं, वाळवलं, तेल दिलं. नवी आकडी घासून केली. दिराला म्हणाली, "भाऊजी, याची जागा बदलायला हवी. हे बिघडलंय."

दिराने कुलूप हातात घेतलं, खिडकीबाहेर बघत बघत आकडी फिरवली आणि चहा निवायच्या आत ते उघडून तिच्या पुढ्यात ठेवलं. "वहिनी," तो खुशीत म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं!"

ती हसली. पण ते वाक्य तिच्या मनातून जाईना. तिने सगळी कुलपं खाली उतरवली आणि आपल्याला कोणती उघडतात, कोणती नाहीत, ते दोन ढिगांत लावून बघितलं. जी खाट खाट वाजत होती, ती सगळी उघडत होती, मग ती कितीही कडक असोत. जी मुकी होती, त्यांतलं एकही नाही. मग उठून तिने कापूस आणला, दोन्ही कानांत गच्च बसवला आणि पैलवान हातात घेतला.

पैलवान उघडला नाही. लहान मूलसुद्धा उघडेल असा तो पैलवान! तिने पुन्हा केलं, पट्टी जोरात दाबली, हळू दाबली. बोटांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. हातमोजा घालून चाचपडावं तसं. तिने दिराला कानात कापूस घालायला लावला, तर त्याने पैलवान उघडला आणि पाठोपाठ गोगलगायही. तिने आपल्या कानांतला कापूस काढला. कधीपासून कुणास ठाऊक, आपण बोटांनी नाही, कानांनी कुलपं उघडतोय, आणि आपल्याला पत्ताही नाही!

"वहिनी, कुलपांचं एवढं काय घेऊन बसलात?" तिचा चेहरा बघून दीर म्हणाला.

"कुलपांचं नाही हो, भाऊजी," ती म्हणाली. "शिरेला आवाज नसतो."

तेव्हा तिला मागची मुलं आठवली. परवा एका बाळाला तिला दोनदा टोचावं लागलं होतं. बाळ गुटगुटीत आहे, म्हणून शीर लागत नाही, असं तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणजे तिथेही अंगणच वाकडं! रात्री ते बाळ तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी वॉर्डात पाऊल ठेवते न ठेवते तोच बोलावणं आलं. तापाने मलूल झालेली एक चिमुरडी, हात आधीच दोन ठिकाणी निळे पडलेले. आई हिला बघून उठूनच उभी राहिली. हिने सवयीने बोट ठेवलं. शीर कुठे असायला हवी ते तिला पाठ होतं. पण ती आत्ता बोटाखाली लागतेय, की नुसतीच आठवतेय? हे तिला सांगता येईना. वीस जणांचा वॉर्ड आपल्याकडे बघतोय असं तिला वाटलं. तिने बोट उचललं.

"मला जमणार नाही," ती म्हणाली.

"असं नका करू हो सिस्टर," आई रडकुंडीला आली. "तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात सगळे."

"होता. आज नाही. आणि तुमच्या मुलीवर मी अंदाज करणार नाही."

असं म्हणायला तिला किती जड गेलं, ते तिचं तिलाच ठाऊक. शेजारच्या वॉर्डातल्या ब्रदरला तिने हाक मारली. हा आडदांड गडी, ज्याच्या हातून ट्रे पडला नाही असा दिवस जात नसे. एरवी ती त्याला बाळांच्या आसपास फिरकू देत नसे. तिने त्याचं जाडजूड बोट धरून मुलीच्या कोपराशी ठेवलं. "जोरात दाबू नकोस. जरा खाली ये. दाबलं की मऊ लागतं आणि सोडलं की बोटाला परत ढकलतं, असं काही आहे?"

ब्रदरने श्वास रोखला. "आहे, सिस्टर. आहे!"

"मग तीच. घाल सुई."

सुईत रक्त आलं. आई ब्रदरचे हात धरून रडली, आणि ही दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं, अगदी एकाच वेळी. मग ती तशीच जिना उतरून हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. तपासणीत कळलं, मनगटात बोटांना स्पर्श कळवणारी नस दाबली गेली होती, दोन्हीकडे, डावीकडे जास्त. ऑपरेशन करता येईल, डॉक्टर म्हणाले, बोटांची जाण कितपत परत येईल ते मात्र आत्ता सांगता येणार नाही.

ती जाण परत येईपर्यंत सुई हातात घ्यायची नाही, हे तिचं तिनेच ठरवलं. घरी येऊन तिने गोगलगाय मधून काढली आणि सासूबाईंच्याही पलीकडे, पार उजवीकडे टांगली.

"हे चूक आहे," दीर म्हणाला. "ती मधलीच आहे."

"तुमच्यासाठी मधली. ही परत मध्ये आली की मी परत वॉर्डात सुई धरेन."

डाव्या मनगटाचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, आणि हाताला थोडं थोडं काम करायची परवानगी मिळाली. त्या संध्याकाळी ती खिडकीपाशी बसली. नवऱ्याने मशीन थांबवलं आणि कापसाचं पुडकं तिच्यापुढे आणून ठेवलं. तिने दोन्ही कान बंद केले. पट्टी, आकडी, आणि बोटाचं टोक. दीर आणि नवरा दोघंही ओणवे होऊन बघत राहिले. बराच वेळ गेला. कुलूप अर्ध्यात वळून अडकलं ते अडकलंच, आणि मग ती एकदम ओरडली, "ढकललं! अहो, त्याने मला ढकललं!"

कानात कापूस असल्यामुळे आपण किती मोठ्याने ओरडलो, हे तिला कळलंच नाही. वरच्या मजल्यावरून जाऊबाई धावत खाली आल्या.

"काय झालं? उघडलं का?"

"नाही," दीर डोळे पुसत म्हणाला. "उघडलं नाही. पण वहिनी नाचतायत."