नऊ आले, दहावा कुठे?

माझ्या नणंदेचा आवाज एवढा मोठा, की ती आमच्या स्वयंपाकघरात "मीठ संपलं गं" म्हणाली की शेजारीण मीठ घेऊन हजर. गावानं तिला भोंगाबाई नाव ठेवलं होतं. तोंडावर बाई, पाठीमागे भोंगा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आठ दिवस मला वाटत होतं, ही माझ्याशी भांडतेय. नवव्या दिवशी कळलं, हे तिचं लाडात बोलणं आहे.

ती प्राथमिक शाळेत शिकवायची. तिला एक खोड होती, मोजायची. सहलीला एकोणचाळीस पोरं नेली की दर तासाला एकोणचाळीस मोजायची, बोटं मांडीवर आपटत. एकदा बस सुटल्यावर अडतीसच भरली, तर ड्रायव्हरवर ओरडून तिनं बस मागे फिरवली. एक पोरगी संग्रहालयातल्या बाकाखाली झोपून गेली होती. घरीही तेच. जेवायला बसलो की माणसं मोज, झोपायच्या आधी दारातल्या चपला मोज. मी म्हणायचे, "वन्सं, आम्ही काय तुमच्या सहलीला आलोय?" तर म्हणायची, "हरवलीस म्हणजे कळेल."

आमच्या ऐन उमेदीच्या दिवसांत गावाबाहेर तळ्याकाठच्या मोकळ्या जागेवर घोड्यांच्या शर्यतीचं मैदान झालं. चारच हिवाळे चाललं ते. पण काय ते चार हिवाळे! पांढरा रंग दिलेला लाकडी कठडा, नव्या फळ्यांचा वास येणारी बाकं, दर वळणावर खांबाला टांगलेले कर्णे. धावतं वर्णन करायला शहरातून एक गृहस्थ आणले होते, गळ्यात रुमाल बांधणारे. दुसऱ्याच रविवारी माईक बंद पडला आणि त्यांचा आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचेना. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अहो, भोंगाबाईंना बोलवा!" सगळे हसले. आमची बाई मात्र पदर खोचून शिडी चढून मनोऱ्यावर गेली.

मैदान होईपर्यंत तिनं जन्मात शर्यतीचा घोडा बघितला नव्हता. यादीवरून जॉकींच्या टोप्यांचे रंग उभ्या उभ्या पाठ केले आणि वर्गावर असल्यासारखी सुरू झाली. "लाल टोपी, मागे वळून बघू नकोस! निळ्या, ढकलाढकली नाही!" लोक पोट धरधरून हसायचे. मैदानाच्या मॅनेजरनं दर रविवारचं काम तिलाच देऊन टाकलं. माईक दुरुस्त झाल्यावर तर विचारूच नका, तळ्यापलीकडची बदकं उडायची. मी तिच्या शेजारी यादी धरून बसायचे. खोटं कशाला बोलू, शाळेत ती बाई होती, पण त्या मनोऱ्यावर राणी होती. घरी येताना तिची चालच बदललेली असायची.

तिसऱ्या हिवाळ्यातली सगळ्यात मोठी शर्यत. दोन फेऱ्यांची, दहा घोडे. बाहेरगावचे घोडेमालक आले होते. त्यांनी पुढच्या वर्षी घोडे आणले तर मैदान तगणार, नाहीतर नाही, हे लहान पोरालासुद्धा माहीत होतं. आणि नेमकं त्या सकाळी तळ्याकडच्या अर्ध्या मैदानावर धुकं बसलं. पंच म्हणाले, समोरचं दिसतंय ना, मग सुरू करा.

घोडे सुटले, समोरून गेले, धुक्यात शिरले. वन्सं माईकवर म्हणाली, "आता मला काही दिसत नाहीये, तुम्हीही गप्प बसा." लोक हसले. मग पलीकडून टापा आल्या आणि टोप्या बाहेर पडायला लागल्या. मी यादी बघत होते. ती मांडीवर बोटं आपटत होती.

"नऊ," ती म्हणाली.

"पिवळी टोपी मागे पडली असेल," मी म्हटलं. "तो घोडा नेहमीच रखडतो."

"इतका नाही."

तिनं धुक्याकडे बघितलं. पुढचे घोडे आमच्यासमोरून दुसऱ्या फेरीला निघाले होते. तिचा हात माईककडे गेला तसा मी तिचं मनगट धरलं. "वन्सं, गप्प बसा. येईल मागून. आजच्या दिवशी नको. सगळं घालवाल तुम्ही!"

तिनं हात हिसडला आणि तोंड उघडलं. "थांबा! नऊच आले, दहावा कुठे? घोडे आवरा! ए दहाव्या, ऐकतोस ना? रस्त्यात असशील तर कठड्याला लाग! कठड्याला लाग आधी!"

जो गोंधळ उडाला म्हणता! सहा जणांनी लगाम खेचले. पुढच्या तिघांनी ऐकलं नाही, ते तसेच धुक्यात घुसले आणि धडधडत पलीकडून बाहेर आले, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माणसं धावत गेली तेव्हा पिवळ्या टोपीचा जॉकी कठड्याला टेकून बेशुद्ध पडलेला सापडला. खांद्याचं हाड मोडलं होतं, बाकी धडधाकट. त्याचा घोडा कठड्यापलीकडच्या शेतात चरत होता. त्या वळणावर नेमलेला माणूस थंडीत कुठे शेकत बसला होता, देव जाणे.

शर्यत रद्द झाली. घोडेमालक तणतणत गेले. मॅनेजर शिडी चढून वर आला, लालबुंद झालेला. "बाई, तो कडेला पडला होता! घोड्यांच्या वाटेत नव्हताच! तुमचं काम दिसेल ते सांगायचं!"

"दिसला नाही, तेच सांगितलं," ती म्हणाली आणि शिडी उतरली. तिला पुन्हा वर चढू दिलं नाही.

घोडेमालक परत आले नाहीत. चौथा हिवाळा कसाबसा रेटला आणि मैदानाला टाळं लागलं. गावानं खापर कुणावर फोडलं ते सांगायला नकोच. मेल्यांना तीन हिवाळे फुकटची करमणूक झाली होती, ती विसरले. ती बाजारात निघाली की मागून हाक यायची, "बाई, दहावा कुठे?" एकदा मी वळून दोन शब्द सुनावलेसुद्धा. तिनंच मला ओढून नेलं. पण तिचा घरातला आवाज हळूहळू खाली आला. शेजारीण विचारायला लागली, बरं आहे ना सगळं? आणि माझं सांगायचं तर, मलाही मनातून वाटायचं, थोडं थांबली असती तर? बोलले कधी नाही, पण तिला कळत असणारच.

अठरा वर्षं गेली. वन्सं निवृत्त झाली. एका दुपारी दारात एक माणूस उभा, डावा खांदा जरा उतरलेला, हातात कातडी पिशवी. "भोंगाबाई इथेच राहतात ना?"

"बाई म्हणायला काय जीभ झडते?" मी म्हटलं.

तो ओशाळला. "माफ करा, दुसरं नावच माहीत नाही मला. मी पिवळी टोपी."

मी त्याला आत वन्संसमोर नेलं. तो खुर्चीच्या टोकावर बसला. आता तो पिशव्या शिवून विकायचा. त्या दिवशी गाडीत घालून त्याला थेट त्याच्या गावच्या हॉस्पिटलात नेलं होतं, पुन्हा इकडे येणं झालंच नाही. मैदान का बंद पडलं, लोक काय बोलले, त्याला पत्ताच नव्हता. मीच सांगितलं, कडेला पडलेल्या माणसासाठी शर्यत थांबवली म्हणून काय काय झालं ते.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कडेला? मी मधोमध पडलो होतो हो, पार वाटेत. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. वाटलं, पडून राहावं. तेवढ्यात डोक्यावरच्या कर्ण्यातून बाई ओरडल्या, कठड्याला लाग. शाळेत असल्यासारखा घाबरलो मी! एका हातानं फरपटत गेलो. कठडा हाताला लागला आणि तिघं माझ्या पायाजवळून गेले. त्यापुढचं काही आठवत नाही. मला वाटलं, हे तुम्हाला ठाऊकच असणार."

वन्सं त्याच्या उतरलेल्या खांद्याकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "एवढा उशीर?"

तो चक्क उठून उभा राहिला. "चुकलं, बाई."

"बस. चहा घेऊन जा."

तो गेल्यावर मी कपबश्या उचलल्या, पण डोळ्यांतल्या पाण्यानं पुढचं दिसेना. खाली ठेवल्या. "वन्सं," मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुमचा हात धरला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. आवाज पहिल्यासारखा, भिंती हलवणारा. "सोडवून घेतला ना मी? मग रडतेस काय!"

पलीकडून शेजारीण धावत आली, काय झालं म्हणून.