तिसऱ्या रिळाचा डबा

तुळशीरामभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी, निवृत्त मास्तर, मूल गावच्या वाचनालयात फाटक्या पुस्तकांना डिंक लावत होतो. आदल्याच दिवशी ते तिथे बसून माझ्या चहाला नावे ठेवून गेले होते... शोकसभेत एका पुढाऱ्याने त्यांना 'चित्रमहर्षी' करून टाकले. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत त्यांच्या सिनेमाच्या तंबूला दरवर्षी उकिरड्याजवळची जागा देणारा हाच.

भाऊ मासेमारी करणाऱ्या घरातले. त्यांच्याकडे एकच मूकपट होता : श्रीमंताची मुलगी आणि तिचा बग्गीवाला. बोलपटाची मशीन परवडत नव्हती, म्हणून पडद्याशेजारी उभे राहून ते स्वतःच बोलत. बग्गीवाला मालकाचा कोट घालून चिखलात पडला, की नायिकेच्या आवाजात म्हणत, "काऊन रे, कोट धुवाले नेऊन राह्यला का?" तंबू हसून लोळे. दोन रिळे संपली की मशीन बंद. तिसरे जळाले, असे सांगून ते कंदिलाची वात वर करीत आणि शेवट तोंडी सांगत : पोरगी बंगला सोडून पायी त्याच्या घरी गेली.

नागभीडकडच्या एका जमीनदार मालगुजाराच्या मुलीने, कमलबाईंनी, हा शेवट तीन मंडया ऐकला आणि चौथ्या वर्षी त्या खरोखरच चालत भाऊंच्या दारी आल्या. बापाने पुन्हा तोंड पाहिले नाही. "सिनेमातल्या पोरीले जमलं, मंग मले काऊन नाई?" असे त्या सांगत.

भाऊ गेल्यावर महिन्याभराने कमलबाईंनी मला त्यांचे सामान आवरायला बोलावले. पेटीच्या तळाशी तिसरा डबा होता. आत रीळ, धडधाकट. दुपारी दार लोटून आम्ही ते भिंतीवर चालवले. मुलगी बापाने ठरवलेल्या नवऱ्याशेजारी बग्गीत बसली. बग्गीवाला त्यांची वरात हाकत होता आणि घोड्याच्या शेपटीने डोळे पुसत होता. विनोदीच होते ते...

मशीन थांबवायचे मला सुचले नाही. रिकामे रीळ फटफट फिरत राहिले. चाळीस वर्षांचा संसार एका थापेवर उभा होता आणि मी, सगळ्यावर शंका घेणारा, ती थाप दरवर्षी ऐकून डोळे पुसत आलो होतो.

"म्हणजे खरा शेवट त्यायले ठाऊक होता," कमलबाई म्हणाल्या. मी रीळ उतरवून डब्यात ठेवले.

त्यांनी डब्याचे झाकण लावले, पदराने त्यावरची धूळ पुसली.

"गुरुजी, यंदाच्या मंडईत सिनेमा लावा. दोनच रीळ."

"आणि शेवट?"

"मी सांगीन," त्या कोपऱ्यातला भाऊंचा कंदील जवळ ओढत म्हणाल्या. "चालत तं मीच आली ना."