कोनता एडिटर?

"कोनता?" सरांनी मला मध्येच थांबवलं. "परत बोल."

मी परत बोलले. "कोनता एडिटर घ्यायचा ते कामावर ठरतं."

सगळे हसले. सर माझ्याकडे पाठ करून त्यांना म्हणाले, "कोड चुकला तर एडिटर लाल रेघ मारतो. हिच्या तोंडाला कुठला एडिटर लावायचा?"

वसई पूर्वेला, गाळ्यांच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सर म्हणजे आमचे टीम लीड. प्रोग्रॅम लिहायला कुठला एडिटर बरा, कुणाचे शॉर्टकट काय, हे सगळ्यांना समजावून सांगायला त्यांनीच मला उभं केलेलं.

मी तयारी केली होती. साधी गोष्ट सांगायची होती. कंट्रोल आणि डी. एका एडिटरमध्ये ही बटणं दाबली की ओळीची नक्कल होते. दुसऱ्यात तोच शब्द पुढे जिथे असेल तिथे निवडला जातो. विम नावाच्या तिसऱ्या एडिटरमध्ये पान अर्धं खाली सरकतं. बटणं तीच, काम वेगळं. म्हणून एडिटर बदलला की हाताची सवय दगा देते.

एवढंच. ते बोलूच दिलं नाही.

मी माऊसकडे हात नेला. सर म्हणाले, "सोड तो. मिठागरातलं फावडं आहे का, घट्ट धरायला?"

परत हसले.

माझा बाप मिठागरावर राबला. हे मीच सरांना इंटरव्ह्यूला सांगितलेलं. अभिमानाने.

आमच्या गावात 'ण'ला 'न'च बोलतात. पानी, लोनी, कोनी. लिहिताना माझा ण बरोबर येतो. बोलताना जीभ घरी जाते. त्या दिवसापासून मी ण असलेले शब्दच टाळायला लागले. पाण्याला वॉटर. 'आणि'च्या जागी प्लस. तोंड उघडायच्या आधी वाक्य तपासायचं. तपासेपर्यंत दुसरा कुणीतरी बोलून जायचा. मग बोलणंच सोडलं. ऑफिसात मला 'शांत मुलगी' म्हणायला लागले. घरी आई विचारायची, "काय झाला गो? बोलत का नाय?" काय सांगणार तिला?

मग एका रंगाच्या कारखान्याचं काम आलं. कुठल्या मशीनला किती पाणी जातं ते स्क्रीनवर दाखवायचं. सगळा प्रोग्रॅम मी लिहिला. एकटीने. कारखान्याचे मालक बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी सरांनी बोलावलं.

"उद्या कॉम्प्युटर तू चालव. बोलेल तो."

तो म्हणजे माझ्या बाजूला बसणारा मुलगा. बोलणं छापील पुस्तकासारखं.

"का सर?"

"समोरच्याला स्वच्छ भाषा लागते."

म्हणजे हात माझे, तोंड त्याचं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी बसलेसुद्धा मागे, कीबोर्ड घेऊन. तो बोलायला लागला. बरं बोलत होता. मग म्हणाला, "इथे मी असं लिहिलंय..."

मी.

माझे हात कीबोर्डवरून उठले. स्क्रीन तिथेच थांबली. तो हळूच म्हणाला, "पुढे घे ना."

मी उभी राहिले. "हे मी लिहिलंय. मी सांगते."

"बस खाली," सर दातांतून म्हणाले.

नाही बसले. मालकांकडे बघून सांगायला लागले. "हे बघा, कोनत्या मशीनला पानी जास्त जातंय ते इथे दिसतं." पानी म्हटलं. परत म्हटलं. जितक्या वेळा लागलं तितक्या वेळा. आवाज चिरकत होता. मालकांनी दोन-चार प्रश्न विचारले, चहा घेतला, गेले. टाळ्या नाहीत, शाबासकी नाही.

दार लागल्यावर सर म्हणाले, "तुमच्यासारख्यांना पुढे आणलं की हे असं होतं."

सोमवारपासून मला टेस्टिंगला टाकलंय. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. माझ्या प्रोग्रॅमवर आता त्या मुलाचं नाव आहे. तो माझ्याकडे बघत नाही. जेवायला मी एकटी बसते.

नोकरी सोडलेली नाही. सोडणार नाही. हाकलायचं असेल तर कारण लेखी द्या, असं सरांना तोंडावर सांगितलंय. प्रोग्रॅमवरचं ते नाव बदलायला लावणार आहे, हेही सांगितलंय. वरच्या साहेबांकडे जाईन, त्यांच्या वर कुणी असेल तर त्याच्याकडेही जाईन.

मी केलेलं काम यापुढे मीच बोलून दाखवणार. माझ्या भाषेत. ज्याला ऐकवत नसेल त्याने कान झाकावे. मी तोंड झाकणार नाही.