हॉस्टेलच्या नकाशातली जागा

अमेरिकेतल्या कॅरी गावात, आमच्या कॉलनीत दुपारी रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ! मुलगा-सून ऑफिसला, नात शाळेत, मी खिडकीत. आयुष्यभर मुलांच्या गलक्यात काढलेल्या बाईला ही शांतता खायला उठते. पण बोलायची सोय नाही. बोललं की मुलगा म्हणतो, "आई, सीनियर सेंटर जॉइन कर ना." तिथे जाऊन काय करू, बिंगो खेळू?

म्हणून मी रविवारची वाट बघते. रविवारी झांबियातून आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा व्हिडिओ कॉल येतो. ती शाळेच्या पहिल्याच तुकडीतली मुलगी. आता पन्नाशीला आलीये, तरी माझ्यासमोर ताठ बसते.

ती शाळा मी आणि यांनी काढली. आम्ही नगरचे, मिशन कंपाउंडात वाढलेले. सरकारी शाळेत शिकवायला म्हणून झांबियाला गेलो. करार संपला तसे बरोबरचे सगळे परतले. आमचे हे मात्र हटून बसले. तिथल्या पाळकसाहेबांकडून पत्र्याची शेड मागून घेतली, विटांवर फळ्या टाकून बाकं केली आणि अकरा मुलं घेऊन, प्रार्थना करून शाळा सुरू. मी हजेरी घ्यायचे ती नगरच्या सवयीने, मुलांकडून "हजर" म्हणवून. त्यांनी ते बिनतक्रार उचललं, आजही म्हणतात. दर सुट्टीत हे स्वतः घमेली उचलून एक खोली वाढवायचे. मी चिडायचे, "अहो, आधी आपल्या घराचं गळकं छप्पर बघा!" ऐकतात कसले!

हे गेले तेव्हा हट्ट मी धरला. शाळेजवळच चर्चची दफनभूमी होती, पण मी म्हटलं, यांना शाळेच्या आवारातच ठेवायचं. नगरला आमच्या कंपाउंडात जुन्या शिक्षकांच्या कबरी शाळेला लागूनच होत्या, आम्ही पोरं त्यांच्याभोवती खेळायचो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेजारची जागा माझी, असंही सांगून ठेवलं. पुढे शाळा वाढणार आहे, हे शाळा वाढवणाऱ्याच्या बायकोला सुचू नये!

गेल्या रविवारी मुख्याध्यापिकेने नवा नकाशा दाखवला. मुलींचं हॉस्टेल. लांबच्या गावांतल्या मुली सध्या सभागृहात जमिनीवर झोपतात. इमारत सरळ येत होती आणि एका टोकाला उगाचच आत वळली होती.

"हे असं का?" मी विचारलं.

"तिथे सर आहेत ना. आणि तुमची जागा."

"सरळ बांधलं तर किती मुली जास्त मावतील?"

ती नकाशाची घडी घालायला लागली. मी वर्गातला आवाज काढला, तेव्हा म्हणाली, "सोळा."

मला रडू आलं. रागही आला, कुणाचा कोण जाणे. मग विचारलं, "चर्चच्या दफनभूमीत यांना हलवता येईल?"

"येईल. तुम्ही विचारलंत तर, म्हणून मी पाळकांशी बोलून ठेवलं होतं. पण मॅडम, ती भरलीये. जुन्या कबरींमध्ये कशीबशी एकच जागा आहे."

"म्हणजे सरांपुरती."

"सरांपुरती."

यांना विचारलं असतं, तर माझं वाक्य संपायच्या आत पाया खणायला लागले असते. मला मात्र यांच्या शेजारी जायचं होतं. या वयात दुसरं काही मागणंच नव्हतं माझं.

"सरळ बांध," मी म्हटलं. "कागद पाठव, सही करते."

फोन ठेवला. मुलगा किचनमध्ये डिशवॉशर लावत होता. त्याला म्हटलं, "इथली दफनभूमी कुठेशी आहे रे? माझ्यासाठी जागा बघून ठेव."

"आई, काहीतरीच काय!" तो वळला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने हातातली ताटली ओट्यावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "बाबांना इकडे आणायचं का? दोघांची जागा घेऊ."

"नको. ते शाळेपासून लांब यायचे नाहीत. एकटीचीच बघ."