तेरा किलोची सायकल
भारतात जायच्या बॅगा भरताना वजन करायचा हातकाटा सापडला, आणि इथल्याच पिस्कॅटवे गावातल्या एका गराजमधला चेन-ऑइलचा वास आठवला. विद्यार्थी असताना मला टूरिंगसाठी जुनी, हलकी आणि खिशाला परवडेल अशी माउंटन बाइक हवी होती. तेरा किलोच्या वर नकोच, असं ठरवूनच टाकलं होतं. गराजमध्ये एक निळी सायकल भिंतीला टेकून उभी होती. ती बघताक्षणी मनात भरली. विकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांसमोर मी ती सोबत नेलेल्या याच काट्याला अडकवून उचलली, तर पंधरा किलो. मग एअरपोर्टवर जादा वजनाची बॅग उघडून बसतात तसा मी फतकल मारून बसलो आणि त्यांचाच पाना घेऊन स्टँड, मडगार्ड, कॅरिअर एकेक करून काढलं. काटा तेरावर आला. गृहस्थांनी शांतपणे कॅरिअर उचललं आणि विचारलं, "टूरला जाणार म्हणालास ना? मग सामान कशावर बांधशील?" चूक कळली होती, तरी मी म्हणालो, "पाठीवर घेईन." त्या उन्हाळ्यात समुद्रापर्यंत सगळं पाठीवरच नेलं. आज बॅग दोन किलोनं जास्त भरली. बायको म्हणाली, "काढ आता काहीतरी." मी पाठीवरची सॅक शोधायला उठलो.