दासीला वाक्य नाही

“दासी तू कर. तुला रंग फासायला नको.”

साहेब म्हणाले. सगळ्यांसमोर. तालमीच्या पहिल्याच दिवशी, दिल्लीत मयूर विहारातल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. सगळे खोखो हसले. मीही हसले. हसावं लागलं. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाचे साहेब दिग्दर्शक, नाटकातला राजाही तेच आणि बाबांच्या ऑफिसातले मोठे अधिकारीही तेच. बाबा त्यांच्या हाताखाली क्लार्क. बाबांच्या कामावरचा वार्षिक शेरा साहेब लिहायचे, आणि त्या शेऱ्यावर बाबांची बढती लटकलेली. म्हणून तर बाबांनी मला त्या नाटकात ढकललं. “साहेबांच्या नजरेत राहू आपण,” म्हणाले. राहिलो की!

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. यमुनेपलीकडे सोसायट्या उगवत होत्या. खाली मारुती, गच्चीवर डिशची छत्री, तोंडात लिबरलायझेशन. देश खुला झाला म्हणून ही मंडळी एकमेकांना पेढे भरवत होती. आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा राखीव जागेवर लागलेले. मंडळात जात कोणी विचारत नसे. छे, शिकलेले लोक! आडनाव विचारायचे, मग गाव विचारायचे, मग म्हणायचे, “अच्छा, अच्छा.” त्या दुसऱ्या ‘अच्छा’त सगळं आलं.

दुसऱ्या तालमीला साहेबांनी चहाचा ट्रे माझ्या हातात दिला. “रोज तूच दे चहा. भूमिकेत शिरशील.” मी बीए झालेली पोरगी. महिनाभर चहा दिला. राजाच्या भूमिकेत शिरायला साहेबांना मात्र काही करावं लागलं नाही.

मंडळाची एक रीत होती. तालमीचं खाणं पाळीपाळीने एकेका घरून यायचं. आमची पाळी आली तेव्हा आईने कोथिंबीर वड्या केल्या. बाबा डबा मांडीवर धरून, दोन बस बदलून आले. डबा उघडला आणि अख्ख्या मंडळाची तब्येत बिघडली! कोणाला ॲसिडिटी, कोणाचा उपास. मंडळाच्या सेक्रेटरींच्या पत्नी, त्या काकू म्हणाल्या, “आत्ताच जेवून आले गं, बिल्कुल जागा नाही.” अर्ध्या तासात त्याच काकूंनी साहेबांच्या ड्रायव्हरला पाठवून सामोसे आणवले. स्वतः दोन खाल्ले. बाबांनी डबा बंद केला आणि म्हणाले, “पुढच्या वेळी हलकं काहीतरी आणू.” मला रडू आलं नाही. चीड आली. सामोसे चघळणाऱ्या त्या तोंडांची, आणि बाबांच्या त्या वाक्याचीही.

नाटक जुनं होतं, परदेशी शोकनाटकाचं मराठी रूप. एक राजा. त्याच्या कानावर येतं की महालात कोणीतरी तुला विष घालणार आहे. झालं! ना चौकशी, ना पुरावा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तेवढ्यात दासी दुधाचा पेला घेऊन येते. राजा ओरडतो, “हिला मारा.” दासी मान खाली घालून जाते आणि मरते. मग राजपुत्र. मग राणी. शेवटी दूत सांगतो, विष नव्हतंच. मग राजा अर्धा तास एकटाच रडतो, आणि प्रेक्षकांनी त्याच्यासाठी रडायचं.

साहेब तालमीत भाषण द्यायचे. “भय माणसाला घाई करायला लावतं. घाई ही थोर माणसांची शोकांतिका. बघा, किती एकटा आहे राजा!” बायका डोळे पुसायच्या. मी ट्रे घेऊन उभी.

एकदा विचारलंच. “सर, दासीला मारताना राजा तिला काही विचारत का नाही? ती काही म्हणत का नाही?”

“दासीला वाक्य नाही.”

“पण सर, सगळ्यात आधी तीच मरते. राजा शेवटी रडतो त्यात तिचं नावही नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “तुमच्या लोकांना जिथे तिथे अन्यायच दिसतो. सीट फुकट मिळाली, शिक्षण फुकट मिळालं, आता डायलॉगही फुकट पाहिजे?” मग बाकीच्यांकडे वळून, “चलो, पुढचा प्रवेश.”

मागे खुर्चीवर बाबा बसले होते. ते छताचा पंखा बघत होते.

त्या क्षणी मला तो राजा कळला. कसला थोर आणि कसलं काय! भित्रा माणूस. स्वतःची भीती गिळता येत नाही म्हणून समोर येईल त्याला मारतो. वड्याचं तेल वांग्यावर. आणि वर आपल्यालाच रडायला सांगतो.

प्रयोगाला हॉल भरलेला. बाहेर बटाटेवड्यांचा स्टॉल, दारावर कोल्ड्रिंकवाल्यांचा बॅनर. पहिल्या रांगेत साहेबांचे साहेब. दुसरा अंक. मी पेला घेऊन गेले. साहेब गरजले, “हिला मारा!” दोन शिपायांनी माझे दंड धरले. मी पाय रोवले.

“महाराज, पेला अजून तुमच्या ओठाला लागलेला नाही. मी काय केलं? मला एकदा विचारलंत का?”

शिपायांनी दंड सोडले. साहेब माझ्याकडे बघत राहिले. राजाच होते ना? काहीही बोलता आलं असतं. “गप्प बस” एवढंही चाललं असतं. पण साहेबांची पाचावर धारण बसली होती. महिनाभर तालीम करून जी भीती चेहऱ्यावर आली नव्हती, ती त्या दिवशी आली. ते विंगेकडे वळून ओरडले, “पडदा! पडदा टाक यार!”

पडदा पडला. पब्लिकला वाटलं, मध्यंतर. टाळ्या वाजवून सगळे वडे खायला गेले. आत साहेबांनी मुकुट भिरकावला, “ही असताना मी काम करणार नाही” म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. मंडळाने जाहीर केलं, तांत्रिक अडचण आहे. राणी वाचली, राजपुत्र वाचला. साहेबांच्या घाईमुळे त्या नाटकात कोणीच मेलं नाही.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी बाबांना बोलावलं. “रविवारी मुलीला आणा. मंडळासमोर माझ्या पाया पडू दे. नाहीतर तुमचं तुम्ही बघा.”

रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. “पड की पाया. काय झिजणार आहेस?”

“माझा गुन्हा सांगा बाबा. मग पडते.”

“गुन्हा बिन्हा काही नसतो गं! साहेब म्हणतात म्हणून!”

“मग नाही येणार.”

आणि मी गेले नाही.

बाबांची बढती अडली. ते क्लार्क म्हणूनच रिटायर झाले. कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई म्हणाली, “बोललीस ते बरं केलंस. पण बोलल्याने चूल पेटत नाही.” खरं आहे. नाही पेटत. बापाच्या बढतीवर हिने पाणी सोडलं, असं म्हणणारे नातेवाईक अजून भेटतात. म्हणू देत. बढती मी नाही अडवली. एका भ्यालेल्या माणसाने अडवली, घाईघाईत, दोन ओळी खरडून.

असले राजे मला पुढेही भेटले. ऑफिसात, सोसायट्यांच्या मीटिंगांत. आधी घाबरतात, मग कोणाला तरी बाहेर काढतात, मग स्वतःच्या पश्चात्तापाला टाळ्या मागतात. माझ्याकडून टाळी मिळणार नाही. डोळ्याला पदर तर मुळीच लागणार नाही. मला न विचारता माझा निकाल लावलात, तर मी कारण विचारणार. चारचौघांत, मोठ्याने विचारणार. आणि पडदा टाकलात, तर पडद्याच्या पुढे येऊन विचारणार.